हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनला ॲडमिशन घेताय? आधी एका ‘सुट्टी’च्या फाइलमागे फिरून या

डिग्रीचे रिझल्ट लागायला लागले की माझा फोन वाजायला लागतो. या वर्षी पहिला फोन भाच्याचा.

“मामा, मी हॉस्पिटलचं एमबीए करून राहिलो.”

“काहून?”

“एसीत काम असते, अन् पेशंटले हात लावा लागत नाही.”

मी त्याला म्हटलं, शनिवारी सकाळी साडेनऊला रामदासपेठेत माझ्या हॉस्पिटलला ये, अन् साधे बूट घाल. पठ्ठ्या टोकदार काळे बूट घालून आला. दुपारी चार वाजता बूट काढून जिन्याच्या पायरीवर बसला होता. त्याला त्या पायरीवर जे सांगितलं, तेच जरा व्यवस्थित लिहून काढतो आहे. दरवर्षी वीस जणांना फोनवर तेच सांगण्यापेक्षा हे बरं.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हीच ठरवा. मी डॉक्टर नाही. २००७ ला नागपूर विद्यापीठातून बी.कॉम. केलं आणि पुढच्या वर्षी धंतोलीतल्या एका हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर नाइट ड्यूटीला लागलो. वाटलं होतं, सहा महिने करू, मग बँकेच्या परीक्षा देऊ. सहा वर्षं निघून गेली. मधल्या काळात, २ जुलै २०१२ ला, राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. विदर्भातले गडचिरोली आणि अमरावती त्यात होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली. आजची महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना ती हीच. तोवर काउंटरवरचं आमचं काम म्हणजे पैसे मोजणं. आता ते कागद जुळवणं झालं: पूर्वमंजुरी, फोटो, रिपोर्ट, क्लेम. क्लेम नामंजूर झाला की मला एवढंच कळायचं की नामंजूर झाला. का झाला, ते वरच्या मजल्यावर बसणाऱ्या एका मॅडमना कळायचं. त्यांनी हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन केलेलं होतं. त्या ‘का’साठी मी एकोणतिसाव्या वर्षी सीईटी दिली, दोन वर्षं पुण्यात काढली आणि २०१६ ला परत आलो. आता शंभर खाटांच्या हॉस्पिटलचं ऑपरेशन्स, म्हणजे रोजचा कारभार, बघतो.

फॉर्म भरण्याआधी एक दिवस

आपल्याकडे हॉस्पिटलमधून घरी जायला मिळणं म्हणजे ‘सुट्टी’. डॉक्टर ‘आज सुट्टी’ म्हणाले की नातेवाइकांच्या मते पेशंट निघाला. हॉस्पिटलच्या मते तेव्हा कुठे काम सुरू होतं.

२०१५ च्या मे महिन्यात, कोर्सच्या मधल्या उन्हाळी इंटर्नशिपमध्ये, मला नागपुरातल्याच एका हॉस्पिटलमध्ये एकच काम होतं: ज्याला सुट्टी झाली त्याच्या फाइलमागे फिरायचं आणि ती कुठे किती वेळ पडून राहते ते वहीत लिहायचं. त्यातली एक फाइल अजून डोळ्यांपुढे आहे. सिवनीचे एक काका, पित्ताशयातल्या खड्यांचं दुर्बिणीतून ऑपरेशन, मुलाच्या कंपनीचा विमा.

९:५० ला राउंडवर सर्जन म्हणाले, “काका, आज सुट्टी.” काकूंनी लगेच डबे, थर्मास, सतरंजी पिशवीत भरायला घेतली. मुलाने गाडीची चौकशी केली, दोनची होती. फाइल मात्र सिस्टरच्या टेबलावरून हललेली नव्हती. आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, कॅज्युअल्टीत अडकले होते. त्यांनी डिस्चार्जची समरी लिहिली ती ११:२० ला. टाइप होऊन १२:१० ला आली, तर तिच्यात काकांचं वय ५८ च्या जागी ८५. पुन्हा टाइप. मग राहिलं उरलेलं औषध: सलाइनच्या दोन बाटल्या आणि अँटिबायोटिकची एक व्हायल. ती फार्मसीत परत जाऊन बिलातून वजा झाल्याशिवाय फायनल बिल निघत नाही, आणि वॉर्डबॉय जेवायला गेलेला. ते तीन नग स्टीलच्या ट्रेमध्ये पन्नास मिनिटं तसेच पडून होते. मीही त्यांच्याकडे बघत बसलो, कारण माझं काम बघायचंच होतं. सव्वादोनला बिल, समरी आणि रिपोर्ट टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेच्या, पोर्टलवर चढले. सिवनीची गाडी तोवर सुटली होती. मंजुरी आली ५:१० ला.

वॉर्डात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, “इन्शुरन्सवाले लेट करून राहिले.” वहीतला हिशेब वेगळा निघाला: टीपीएकडे २ तास ५५ मिनिटं, आमच्याकडे ४ तास २५ मिनिटं. आता २०२४ पासून विमा नियामकाचा, म्हणजे आयआरडीएआयचा, नियम आहे. कॅशलेसच्या पूर्वमंजुरीचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची. या नियमाने मोजलं तर त्या दिवशीची विमा कंपनी पाच मिनिटं राखून पास झाली असती. हॉस्पिटलवर घड्याळ लावणारं तेव्हा कोणी नव्हतं.

हे काम म्हणजे हे. ते बघून तुम्हाला कंटाळा आला की ‘त्या ट्रेचं काहीतरी करायला पाहिजे’ असं वाटलं, एवढंच आधी तपासा. भावाच्या, शेजाऱ्याच्या ओळखीने एखाद्या हॉस्पिटलच्या ॲडमिनिस्ट्रेटरला किंवा मेट्रनला भेटा. सरळ सांगा की या क्षेत्रात शिकायचं आहे, एक दिवस बसू द्या. बरेच जण बसू देतात. मात्र पेशंटची फाइल उघडायची नाही, फोटो काढायचा नाही, नाव लिहायचं नाही. फक्त वेळा लिहायच्या. कोणी आत घेतलं नाही तर बिलिंगसमोरच्या खुर्च्यांवर बसा, तिथे कोणी हाकलत नाही. आणि एक सकाळ मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला, जा. केसपेपरच्या रांगेत छिंदवाडा, बालाघाट, गोंदिया, यवतमाळचे लोक उभे दिसतील. रात्रीच्या गाडीने आलेले, हातात जुन्या रिपोर्टांची प्लास्टिकची पिशवी. खासगी आणि सरकारी यांत प्रश्न कसे बदलतात ते त्या एका सकाळी कळतं.

कोर्स कोणता

नावांचा गोंधळ फार आहे, तो आधी सोडवतो.

तुम्ही एमबीबीएस असाल तर एमडी इन हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन हा तीन वर्षांचा वेगळा रस्ता आहे. दिल्लीचं एम्स, पुण्याचं एएफएमसी इथे तो आहे. प्रवेश डॉक्टरांच्या पीजी परीक्षांतून. बाकीच्यांनी तिकडे बघायचं कारण नाही.

बाकीच्यांसाठी, म्हणजे बीएएमएस, बीडीएस, फिजिओ, फार्मसी, नर्सिंग, बी.कॉम., बीबीए, इंजिनिअर अशा सगळ्यांसाठी, दोन वर्षांचे कोर्स आहेत. मुंबईच्या टिसमधला (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) एमएचए, म्हणजे मास्टर ऑफ हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन, आमच्या लाइनीत वजनदार मानतात. पुण्यात सिम्बायोसिसच्या हेल्थ सायन्सेसमध्ये एमबीए आहे, त्याला स्नॅप परीक्षा लागते. जयपूरचं आयआयएचएमआर १९८४ पासून याच विषयात आहे. राज्यातल्या बऱ्याच एमबीए कॉलेजांत दुसऱ्या वर्षी ‘हेल्थकेअर’ असं स्पेशलायझेशन मिळतं. तिथे प्रवेश राज्याच्या सीईटीने. पण स्पेशलायझेशन म्हणजे किती विषय आणि ते शिकवणारा माणूस कधी हॉस्पिटलमध्ये नोकरीला होता का, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका. मार्केटिंगचे सर पुस्तक वाचून ‘हॉस्पिटल प्लॅनिंग’ शिकवतात, असं मी पाहिलं आहे.

एमपीएच म्हणजे पब्लिक हेल्थ. यात लोक सारखी गल्लत करतात. सिकलसेलचा कार्यक्रम गडचिरोलीच्या गावागावांत कसा न्यायचा, लसीकरण कुठे कमी पडतंय, हे प्रश्न तुम्हाला ओढत असतील तर तुमचा रस्ता एमपीएच. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेतलं अच्युत मेनन सेंटर त्यासाठी नावाजलेलं आहे. हॉस्पिटलच्या चार भिंतींतलं काम करायचं असेल तर एमएचए किंवा एमबीए.

नोकरी सोडता येत नसेल तर इग्नूचा पोस्ट ग्रॅज्युएट डिप्लोमा इन हॉस्पिटल अँड हेल्थ मॅनेजमेंट बघा. अमरावती रोडवर त्यांचं रिजनल सेंटर आहे, तिथे जाऊन आपली पदवी चालते का ते विचारा. आधीच वॉर्डात काम करणाऱ्या सिस्टर, फार्मासिस्ट यांना तो उपयोगी पडतो. कोऱ्या पाटीच्या माणसाला घरबसल्या हा विषय येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. इतर ऑनलाइन डिग्रीच्या जाहिराती येत असतील तर त्या विद्यापीठाचं आणि त्याच कोर्सचं नाव यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या वर्षी आहे का बघा. दोन्ही नावं जुळली पाहिजेत. नुसतं विद्यापीठ सापडून भागत नाही.

अमेरिकेला जायचं म्हणणारेही दोन-तीन असतातच. तिकडच्या एमएचएला सीएएचएमई नावाच्या संस्थेची मान्यता असते, ती तपासा. तिथलं बिलिंग, विमा, कायदे सगळं त्यांचं. परत येऊन धंतोलीत काम करायचं असेल तर त्यातलं थोडंच कामी येईल.

जाता जाता एक. माझ्या बॅचमध्ये सगळ्यात हुशार कोण निघालं असेल तर बी.एस्सी. नर्सिंग करून आलेल्या दोघी. डॉक्टरांना हॉस्पिटल म्हणजे ओपीडी आणि ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, वाटायचं, आम्हा कॉमर्सवाल्यांना बिल. त्यांना रात्री तीन वाजता लिनन संपलं की कोणाला उठवायचं तेही माहीत होतं. सिस्टर, तुम्ही हे वाचत असाल तर ‘आपल्याला इंग्रजी नाही येत’ म्हणून मागे राहू नका.

कॉलेज कसं पारखायचं

माझ्या कॉलेजचं नाव सांगत नाही. माहितीपत्रकात चाळीस हॉस्पिटलांशी ‘टाय-अप’ लिहिलं होतं. इंटर्नशिपची वेळ आली तेव्हा प्लेसमेंटच्या सरांनी माझ्या हातात एक पत्र दिलं: ‘संबंधितांस, या विद्यार्थ्यास संधी द्यावी.’ पत्रावर हॉस्पिटलचं नाव नव्हतं, ते मी शोधून भरायचं होतं. ते टाय-अप म्हणजे एवढंच. माझा एक मित्र दोन महिने एका मोठ्या हॉस्पिटलच्या बेसमेंटमध्ये जुन्या फाइली वर्षानुसार लावत होता. मेडिकल रेकॉर्ड्स शिकायला मिळालं असतं तर ठीक होतं. पण त्याला फक्त गठ्ठे बांधायला मिळाले. मी वैतागून नागपूरला परत आलो आणि जुन्या ओळखीने काम मिळवलं. सिवनीच्या काकांची फाइल अशी भेटली.

म्हणून पहिला प्रश्न हा: गेल्या वर्षीच्या पाच विद्यार्थ्यांची इंटर्नशिप कुठे झाली, आणि त्यांचे फोन नंबर मिळतील का? नंबर मिळाले की त्यांना विचारा, “रोज नेमकं काय केलं?” उत्तर ‘सगळं बघितलं’ असं आलं तर काहीच बघितलं नाही असं धरा. ‘सीएसएसडीतून (हत्यारं निर्जंतुक करायचा विभाग) ट्रे ओटीत जायला किती वेळ लागतो ते मोजलं’ असं काही आलं तर कॉलेजात दम आहे.

दुसरं, मान्यता. एमबीए आणि पीजीडीएमसाठी एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेच्या, वेबसाइटवर संस्थेचं नाव आणि मंजूर जागा दिसतात. दोन मिनिटांचं काम आहे. काउन्सेलर म्हणतो म्हणून विश्वास ठेवायचा नाही.

तिसरं, प्लेसमेंटची यादी. त्यात पगाराआधी पदाचं नाव वाचा. ‘एक्झिक्युटिव्ह’ या एका शब्दात फ्रंट ऑफिस, टीपीए डेस्क, क्वालिटी आणि मार्केटिंग सगळं बसतं. यातलं मार्केटिंग म्हणजे काय ते नीट विचारून घ्या. काही ठिकाणी ते आरोग्य शिबिरं, कंपन्यांशी करार असं सरळ काम असतं. काही ठिकाणी खेड्यापाड्यांतल्या डॉक्टरांकडे फिरून पेशंट पाठवा म्हणायचं आणि पाकिटं पोहोचवायची, ज्याला आपण सगळे कट प्रॅक्टिस म्हणतो. मला परत आल्यावर पहिली ऑफर त्याचीच होती, पगारही चांगला होता. दुसरी ऑफर क्वालिटी विभागाची, बावीस हजारांची. घरी बाबा तीन दिवस बोलले नाहीत, पण मी दुसरी घेतली.

दोन वर्षांत काय कमवायचं

वर्गातलं सगळं सांगत बसत नाही. संस्थात्मक वर्तन, स्वॉट, बॅलन्स शीट येतच राहतं. आमच्या कामात रोज लागतं ते वेगळं सांगतो.

पहिलं, दोन गणितं. ही इतकी साधी आहेत की मुलं शिकत नाहीत, आणि इंटरव्ह्यूत तिथेच पडतात. शंभर खाटा, तीस दिवस, म्हणजे महिन्याचे ३००० खाट-दिवस. त्यात पेशंट प्रत्यक्ष राहिले २२५० दिवस. ऑक्युपन्सी ७५ टक्के. त्याच महिन्यात ५०० पेशंट घरी गेले असतील तर सरासरी मुक्काम २२५० भागिले ५००, म्हणजे साडेचार दिवस. आता समजा, डिस्चार्जची गडबड निस्तरून आणि तपासण्या वेळेवर करून मुक्काम चार दिवसांवर आला. ऑक्युपन्सी तीच ठेवा. २२५० भागिले ४ म्हणजे ५६२. एकही खाट न वाढवता साठ-बासष्ट पेशंटना जास्त जागा मिळाली. संचालक मंडळ नवीन मजला बांधायचं म्हणत असतं तेव्हा हे गणित कागदावर मांडणारा माणूस त्यांना हवा असतो. मात्र मुक्काम कमी करायचा म्हणून कच्चा पेशंट घरी धाडला तर तो चार दिवसांनी परत येतो. त्यामुळे परत भरती झालेल्यांचा आकडा शेजारी लिहायचाच.

दुसरं, एनएबीएचचं पुस्तक. हॉस्पिटलला दर्जाची मान्यता देणारी ही संस्था क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या छत्राखाली येते. तिच्या निकषांची सहावी आवृत्ती २०२५ मध्ये आली: १० प्रकरणं, १०० मानकं, ६३९ मुद्दे. पाचव्या आवृत्तीत मुद्दे ६५१ होते. पाठ करू नका. एक प्रकरण घ्या, उदाहरणार्थ सुविधा व्यवस्थापनाचं, आणि ते हातात धरून हॉस्पिटलमध्ये फिरा. ऑक्सिजनच्या मॅनिफोल्डपासून जनरेटरपर्यंत. नागपुरात मे महिन्यात ओटीचं एसी युनिट बंद पडलं तर दिवसभराची ऑपरेशनची लिस्ट रद्द होते, हे पुस्तकात ‘उपकरणांची प्रतिबंधात्मक देखभाल’ अशा सभ्य भाषेत लिहिलेलं असतं. आम्ही एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मेकॅनिकला जेवू घालून ते करून घेतो.

तिसरं, कचरा. नाक मुरडू नका. बायोमेडिकल वेस्टचे २०१६ चे नियम: पिवळ्या पिशवीत शरीराचे भाग आणि रक्ताने माखलेला कापूस-बँडेज, लाल पिशवीत आयव्ही सेट, कॅथेटरसारखं प्लास्टिक, पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात सुया, निळ्यात काच आणि धातूचे इम्प्लांट. ४८ तासांच्या वर साठवायचं नाही, पिशव्यांवर बारकोड. नवीन ॲडमिनिस्ट्रेटर मला कामाचा वाटतो का, हे मी त्याने लाल पिशवीत डोकावून बघितलं का यावरून ठरवतो. त्यात सुई दिसली की ती कोणत्या वॉर्डाची आणि कोणत्या पाळीची, हे मावशींना न ओरडता विचारता आलं पाहिजे. ओरडलात तर पुढच्या वेळी सुई दिसणारच नाही, कारण ती लपवलेली असेल.

चौथं, कायदा. राज्याचा नर्सिंग होम नोंदणीचा कायदा १९४९ चा आणि त्याच्या नियमांत २०२१ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. रुग्णहक्कांची सनद आणि दर दर्शनी भागात लावायचे. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवता येत नाही. हे शेवटचं प्रत्येकाने पाठ करावं. कारण बिलिंगवरचा मुलगा रात्री दोनला तुम्हाला फोन करतो, “सर, बिल बाकी आहे, बॉडी देऊ का?” तेव्हा तुम्हाला कपाटातून फाइल काढायला वेळ नसतो. “दे. अन् गाडीची सोय झाली का विचार,” एवढंच उत्तर आहे.

एक्सेल शिका, पिव्हट टेबलपर्यंत. आणि बोलायला शिका. आमच्याकडे एकाच वॉर्डात वऱ्हाडी, छिंदवाड्याची हिंदी, छत्तीसगढी, सिरोंच्याकडची तेलुगू आणि गोंडी असं सगळं असतं. माझं एमबीए इंग्रजीत झालं. त्या इंग्रजीत मी आजवर एकाही नातेवाइकाला बिल समजावलेलं नाही.

सीईटी आणि इंटरव्ह्यू

राज्याच्या एमबीए सीईटीत २०० प्रश्न आणि १५० मिनिटं. म्हणजे प्रश्नाला पाऊण मिनिट. ७५ लॉजिकल, २५ ॲबस्ट्रॅक्ट, ५० गणित, ५० इंग्रजी. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यामुळे शेवटची पाच मिनिटं उरलेली सगळी उत्तरं भरायला राखून ठेवायची. मी नाइट ड्यूटी करून अभ्यास केला, पहाटे तीन ते पाच, जेव्हा काउंटरवर शुकशुकाट असतो. लॉजिकलवर भर दिला, कारण गणित माझं कच्चंच राहणार होतं. पदवीला खुल्या वर्गाला ५० टक्के आणि राज्यातल्या राखीव वर्गाला ४५ टक्के लागतात. तारखा सीईटी सेलच्या वेबसाइटवरूनच बघा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफवर बरेच जण फसतात.

इंटरव्ह्यूत किंवा अर्जासोबतच्या निबंधात ‘मला लहानपणापासून सेवेची आवड आहे’ लिहू नका. समितीने सकाळपासून ते तीसदा ऐकलेलं असतं. तुम्ही त्या एका दिवशी वहीत लिहिलेल्या वेळा सांगा. भाच्याच्या वहीतली एक नोंद अशी: ‘१२:०५ ते १२:३८, व्हीलचेअर नव्हती. होती, पण लिफ्टमागे होती.’ या एका ओळीवर दहा मिनिटं बोलता येतं. व्हीलचेअरची जागा ठरलेली आहे का, ती परत कोण आणतं, किती आहेत, मोजतं कोण. पुढे कोणी विचारलं की तुम्ही काय केलं असतं, तर ‘अजून चार व्हीलचेअर घेतल्या असत्या’ म्हणू नका. आधी लिफ्टमागे बघितलं असतं म्हणा.

पैसे आणि कागद

फी मोजताना हॉस्टेल, मेस आणि इंटर्नशिपच्या दोन-तीन महिन्यांचा दुसऱ्या शहरातला खर्च धरा. इंटर्नशिपला बहुतेक ठिकाणी पैसे मिळत नाहीत. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या फीच्या योजना, उदाहरणार्थ राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, कॅप राउंडमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, घेतलेल्या प्रवेशाला मिळतात. मॅनेजमेंट कोट्यातून शिरलात की त्या विसरा. कॉलेजवाले हे ॲडमिशनच्या आधी सांगत नाहीत. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक कोर्सला २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. माझ्या बहिणीच्या शेजारची मुलगी घाईघाईत मॅनेजमेंटची सीट घेऊन बसली आणि ही सवलत गमावली. दोन राउंड थांबली असती तर चाललं असतं.

उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेअर हे सगळं सेतूतून निघतं, पण जून-जुलैत तिथे अख्खं नागपूर उभं असतं. एप्रिलमध्येच काढा. नॉन-क्रिमिलेअरवरची मुदत बघा, ३१ मार्चला संपलेलं चालत नाही. जात पडताळणी सगळ्यात आधी टाका, तिला सगळ्यात जास्त वेळ लागतो. अर्जाची पावती जपून ठेवा, ती वेळेला विचारतात. सगळ्याचे स्कॅन स्वतःच्या नावाच्या फोल्डरमध्ये. ‘डीओसी१’, ‘डीओसी२’ अशी नावं ठेवू नका, शेवटच्या रात्री अकरा वाजता सर्व्हर लटकतो तेव्हा काही सापडत नाही.

भाच्याने फॉर्म भरायला घेतला आहे. जात पडताळणीची व्हॅलिडिटी अजून यायची आहे. काल विचारलं, “पावती कुठे आहे?”

“मोबाइलमध्ये फोटो आहे ना मामा.”

“अन् ओरिजिनल?”

“मम्मीजवळ असन.”

बहिणीला फोन केला. तिच्याजवळ नाही.